उलट्या बाजूने वाचलेला हुकूम

तीन वर्षांत तू बापाला एकेचाळीस पत्रं लिहिलीस. त्यांत शेजारणीच्या मांजराची चौकशी चार वेळा आहे आणि माझी एकदाही नाही. ते मांजर गेल्या वर्षीच मेलं. हे कसं कळलं म्हणून विचारशील, तर तुझा बाप पत्रं कुलपांच्या पेटीत ठेवतो आणि पेटीची किल्ली पेटीच्याच मागे टांगतो. जगाची कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाची ही अक्कल.

आता तारीख घालते. तारीख सगळ्यात आधी घालायची असते, असं शिक्केमास्तर म्हणाले होते. पण तक्रार पोटात ठेवून माझा हात पुढे चालेना. तर आज अकरा तारीख, बुधवार, दुपारची जेवणं झालीत.

भिंगरे, तुला आशीर्वाद. हवा असो नसो, पोचला असं धरून चाल.

हे पत्र माझ्या हातचं आहे. जन्मातलं पहिलंच. रविवारी सुरू केलं आणि आज चौथा दिवस. अक्षर वाकडं दिसेल, ओळी खाली घसरतील, चालवून घे. घरी सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे तुझा बाप आणि मी. मागच्या खोलीचं छप्पर गळायचं ते अजून गळतंच. तुझा बाप म्हणतो करू. तो 'करू' म्हणाला की आपण खाली बादली ठेवायची.

मुख्य बातमी अशी की प्रधान गेला. मेला नाही, खुर्चीवरून गेला. पलीकडच्या काठावर बातमी पोचली असेलच, आणि सोबत लोकांनी हेही सांगितलं असेल की तुझ्या हद्दपारीचा हुकूम रद्द झाला. ते चूक आहे. रद्द व्हायला तो आधी लागायला हवा होता. तो हुकूम तुला कधी लागलाच नव्हता. पहिल्या दिवशीही नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, पाणी पी, आणि मग पुढे ये.

तू वकील, तुला सगळं तोंडपाठ. पण मला क्रमानं सांगितल्याशिवाय सांगता येत नाही, त्यामुळे माहीत असलेलंही ऐकून घे.

चौतीस वर्षं मी कायदेघरात ऐकणारीच्या स्टुलावर बसले. कायदा असो की हुकूम, सभेनं कितीही माना डोलावल्या तरी तो नुसता कागद. कारकुनानं तो अक्षरओळख नसलेल्या माणसाला वाचून दाखवायचा, त्या माणसानं 'समजलं' म्हणायचं, आणि मग शिक्केमास्तरांनी गरम लाखेवर शिक्का दाबायचा. तेव्हा कुठे तो कायदा लोकांच्या अंगात उतरतो. एकदा उतरला की मोडायचा म्हटला तरी मोडत नाही. पाय उचलत नाही, हात पुढे जात नाही. तो हद्दपार केलेला चक्कीवाला तुला आठवत असेल. पुलावर पाय टाकला आणि खांबासारखा रुतला. तिघांनी दोरानं ओढून मागे घेतला होता.

जुन्या लोकांनी अडाणी माणूस का बसवला, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. जे माझ्यासारखीला कळत नाही, ते माझ्यासारखीवर लादायचं नाही. कारकुनी भाषेचं भेंडोळं आलं की मी 'नाही समजलं' म्हणायची. मग ते सगळे शहाणे परत जाऊन माणसांच्या भाषेत लिहून आणायचे. तीनदा परत पाठवायची मुभा होती. चौथ्यांदा नाही म्हटलं तर ऐकणारी बदलायची. चौतीस वर्षांत माझ्यावर चौथी वेळ आली नाही.

आणि मग तू कायद्याच्या परीक्षेला बसलीस. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोट फिरवत मोठमोठ्यानं पाठ करायचीस, आणि मी समोर बसून मटार सोलायची. दोन वर्षं मटार सोलले. तुझं बोट कुठे आणि तोंडातून काय येतंय, एवढंच बघत बघत अक्षरं माझ्या डोळ्यांत बसली. पण समोरून. म्हणजे उलटी. एक दिवस तू पान चुकलीस आणि मी तुला चूक सांगितली. तू पुस्तक माझ्याकडे फिरवलंस. "वाच बघू." सुलटं धरलं की मला नुसत्या मुंग्या दिसायच्या. पुन्हा उलटं केलंस आणि मी अडखळत चार ओळी वाचल्या. पोटात दुखेपर्यंत हसलो आपण. मग तू गंभीर झालीस. म्हणालीस, "कायदेघरात कळलं तर तुझं स्टूल जाईल." नंतर स्वतःच म्हणालीस, "उलटं वाचणं म्हणजे काही वाचणं नव्हे, आजी. गप्प बस म्हणजे झालं."

वकील होणार होतीस, मी विश्वास ठेवला. चूक तुझीही आहे, माझीही आहे. माझी जास्त आहे, त्याकडे येते.

पुढचं तुला ठाऊक आहे. प्रधानाला नदीकाठची घरं पाडून तिथे स्वतःची बाग करायची होती. तू त्या घरवाल्यांची बाजू घेतलीस, भर सभेत त्याला तीन प्रश्न विचारलेस आणि तिन्हींची उत्तरं त्याला आली नाहीत. आठ दिवसांत तुझा हुकूम निघाला. त्या हुकुमाचं पुढे लिहीन. आधी शिट्टीचं सांगते.

दोन महिन्यांपूर्वी प्रधान अंगणातून जात असताना मागून कुणीतरी शिट्टी मारली. दुसऱ्याच दिवशी हुकूम आला की कायदेघराच्या आवारात कुणीही शिट्टी वाजवायची नाही. त्यात न समजण्यासारखं काय होतं, मी समजलं म्हटलं, मास्तरांनी शिक्का मारला. चार दिवसांनी मी त्यांच्या खोलीत गेले, तर मास्तर लाख वितळवत बसलेले आणि तोंडानं शिट्टी चालू. अख्खं गाणं, दोन्ही कडव्यांसकट.

"मास्तर, तुम्ही शिट्टी वाजवताय."

"सवय आहे हो बाई, जुनी."

"सवय मोडायच्या हुकमावर तुम्हीच शिक्का मारलाय."

त्यांच्या ओठांचा चंबू तसाच राहिला. मग त्यांनी मुद्दाम, दम लावून वाजवली. वाजली. बाहेर झाडावरची पाखरं उडाली इतकी वाजली.

मास्तर हळूहळू विचार करणारा माणूस. ते म्हणाले, "लाख चांगली होती. शिक्का नीट बसला होता. कारकून काय, वाचतोच. मग राहिलं कोण?"

"राहिले मी," म्हटलं, आणि त्यांना सांगून टाकलं. एवढी वर्षं बाजूच्या खोलीत बसलेला माणूस, त्यानं ओरडायला हवं होतं. त्यांनी फक्त लाखेचं भांडं विस्तवावरून खाली घेतलं.

"कधीपासून?"

"नात परीक्षा पास व्हायच्या थोडं आधीपासून. पण मास्तर, मला उलटंच येतं."

"बाई, तुम्ही कुठल्या बाजूला बसता ते कायद्याला काय ठाऊक? नियम सगळ्यांना माहीत होता, पण आजवर एकही ऐकणारी शिकली नाही, म्हणून शिकल्यावर काय होतं ते कुणाला कळलंच नाही."

मग आम्ही दोघं म्हातारी माणसं दुपारभर कायदे मोडत फिरलो. पायऱ्यांवर बसायचं नाही असा गेल्या वर्षीचा हुकूम, आम्ही पायऱ्यांवर बसलो. प्रधानाच्या दारानं आत जायचं नाही, मी दोनदा आत जाऊन बाहेर आले. काहीही झालं नाही. मग मास्तरांनी जुना कायदा तपासला. शिक्क्याच्या खोलीत जोडे घालून जायचं नाही, हा त्यांच्या आजोबांच्या काळचा. त्यांनी जोडे घातले आणि पाय उंबऱ्यावर जो अडला तो अडलाच, मला धरून मागे घ्यावं लागलं. म्हणजे जुनं सगळं जागच्या जागी घट्ट होतं. फक्त गेल्या साडेतीन वर्षांचं वाऱ्यावर होतं. आणि या साडेतीन वर्षांत ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण पाय धरला जाईल या भीतीनं कुणी पाय उचलतच नाही.

त्याच क्षणी तुला कळवायला हवं होतं. नाही कळवलं. तू पूल ओलांडून आली असतीस तर प्रधानाला त्याच दिवशी सगळं उमगलं असतं. त्यानं माझ्या जागी त्याचा आचारी बसवला असता. आचाऱ्याला एक अक्षर येत नाही आणि मालक सांगेल त्याला तो समजलं म्हणतो. मग तुझ्यासाठी खरा हुकूम निघाला असता, आणि तो नुसता हद्दपारीचा नसता. जीभ बांधायचा निघाला असता. वकिलाची जीभ बांधली की काय उरतं? म्हणून दोन महिने मी तोंड मिटून बसले. या दोन महिन्यांचं काय ते मला वेगळं ऐकव.

गप्प बसले, कारण प्रधानाची मुदत संपत आली होती. सात वर्षं झाली की त्या खुर्चीपुढे माणसाचे गुडघे वाकत नाहीत, हा कायदेघरातला सगळ्यात जुना कायदा. तो फिरवणारा नवा कागद येणार, हे आम्हाला दिसत होतं. आला. कारकुनानं माझ्यासमोर धरून मोठ्यानं वाचला, "देशावर संकट असल्यामुळे प्रधानांना एक वर्ष मुदतवाढ." मी समोरून बघत होते. कागदावर 'एक वर्ष' कुठेच नव्हतं. 'तहहयात' होतं.

मी पहिल्याच फेरीत समजलं म्हटलं.

कारकून माझ्याकडे बघतच राहिला. तीन नकारांची तयारी करून आला होता बिचारा. आचारी बाहेर बाकावर धुतलेला सदरा घालून वाट बघत होता, त्याला घरी पाठवावं लागलं. प्रधानानं स्वतः हात धरून मला स्टुलावरून उठवलं आणि "आजीबाईंना देशाची काळजी आहे" म्हणाला. काळजी होतीच.

बातमी घरी माझ्याआधी पोचली. तुझ्या बापानं माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतःचं घेऊन दुकानात गेला. जाताना दाराच्या कडीला म्हणाला, "नातीला घालवली, आता देशही दिला." कडीला म्हणाला, कारण तुझा हुकूम झाल्यापासून तो माझ्याशी सरळ बोलत नव्हता. दाराशी बोलायचा, किटलीशी बोलायचा, मी ऐकायची. ऐकणं हाच माझा धंदा.

मुदत संपली त्या सकाळी सभा भरली. प्रधान आला, सगळ्यांकडे बघून हसला आणि खुर्चीपुढे वळून बसायला गेला. गुडघे वाकेनात. त्यानं खुर्चीचे हात धरून जोर लावला. मग त्याच्या दोन माणसांनी दोन्ही खांदे दाबले. खांदे दबले, गुडघे जिथल्या तिथे. दोरीवर वाळत घातलेल्या विजारीसारखा तो मधल्या मध्ये लोंबकळत होता. मागच्या रांगेत कुणाला तरी हसू फुटलं आणि मग ते पुढे पुढे येत गेलं.

मोठ्या न्यायाधीशांनी मास्तरांना विचारलं, "शिक्का बसला होता ना?"

"बसला होता."

"ऐकणारी समजलं म्हणाली होती ना?"

"म्हणाली होती," मी उठून म्हटलं, "पण तिला वाचता येतं."

कारकून ओरडला की म्हातारीला भ्रम झालाय. मी म्हटलं, "तो कागद तिथूनच धर. फिरवू नकोस, मला असाच बरा पडतो." न्यायाधीशांनी मान हलवली म्हणून त्यानं धरला. मी दोनदा अडखळले. पण वाचलं. 'तहहयात' या शब्दावर आले तेव्हा कुणी हसत नव्हतं. सभेलाही एक वर्ष असंच वाचून दाखवलं होतं.

मग माझ्यावर आलं. वाचता येत असून स्टुलावर बसणाऱ्या ऐकणारीला दहा वर्षं कोठडी, असा कायदा असल्याचं प्रधानानं तशा अवस्थेतही सांगितलं. न्यायाधीशांनी तो मागवला, तारीख बघितली आणि कागद खाली ठेवून हसता हसता डोळे पुसले. तो कायदा दोन वर्षांपूर्वीचा होता. मीच समजलं म्हटलेला.

तर मी सुटले. स्टूल गेलं. साडेतीन वर्षांतले बरे कायदे आठवड्याभरात नव्यानं शिक्का मारून घेतले. नदीकाठची घरं वाचली. पाडायचा हुकूम लागलाच नव्हता, नुसती भीती घालून लोकांना बाहेर काढलं होतं, ते परत येतायत. नवी ऐकणारी विहिरीवर पाणी भरणारी बाई आहे. पहिल्याच दिवशी तिनं सात कागद परत पाठवले. चांगली आहे.

आता तुझा हुकूम.

त्याबद्दल मी घरी एकच सांगितलं होतं, मला 'एक वर्ष' असंच वाचून दाखवलं. हे खरं आहे. कारकुनानं एक वर्ष असंच वाचलं. तुझ्या बापाला वाटलं, अडाणी बाई, फसवली. रागावला, पण आतून त्याला माझी कीवही आली. मी ती येऊ दिली.

पण कागद माझ्यासमोर होता, भिंगरे. उजेडही चांगला होता. त्यावर 'जन्मभर' लिहिलेलं मी वाचलं होतं. मला 'एक वर्ष'ही ओळखता येत होतं आणि 'जन्मभर'ही, तुझ्याच बोटाखाली शिकले होते दोन्ही. मी त्या शब्दावर बोट ठेवायला हवं होतं. ठेवलं असतं तर कारकून त्याच दिवशी पकडला जाता, तू घरी राहतीस, आणि प्रधान तीन वर्षं आधी जाता. माझं फक्त स्टूल गेलं असतं.

भीती वाटली असं लिहिणं सोपं आहे. चार दिवसांत तीनदा तसं लिहून फाडलं. भीती नव्हती. मला ते स्टूल आवडायचं. मोठमोठी शिकलेली माणसं माझ्या एका शब्दासाठी हातात कागद घेऊन ताटकळत उभी राहायची. दुसरीकडे कुठे मला कुणी असं उभं राहून विचारलं होतं? मी मनात म्हटलं, एक वर्ष जाऊ दे, मग बघू काय करायचं ते. आणि समजलं म्हणाले.

मला वाचता येतं हे फक्त तुला माहीत होतं. हुकमाची प्रत तुझ्या हातात पडली तेव्हाच तुला कळलं असणार की आजीनं हा शब्द बघितला होता. मी तुझी पत्रं चोरून वाचत होते ती एवढ्यासाठीच. कुठल्या तरी पत्रात तू बापाला सांगितलं असशील, असं वाटायचं. एकाही पत्रात नाही. सांगितलं असतंस तर मी कोठडीत गेले असते. तू मला वाचवत राहिलीस आणि माझं नावही काढलं नाहीस. तुझा बाप दर महिन्याला पूल ओलांडून तुला भेटायला यायचा, तेव्हा मी पुलाचा चढ झेपत नाही म्हणायची. मला झेपतो. परवाच वर जाऊन आले. तू म्हणे अलीकडे बघत पहिल्या दगडाजवळ बसायचीस. तो दगड बघितला.

काल तुझ्या बापाला सगळं सांगितलं. तो कुलपात तेल घालत होता. हात थांबला. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "जेवलीस का?" तीन वर्षांत पहिल्यांदा किटलीला सोडून मला विचारलं. म्हणजे त्यानं सोडून दिलं. तो असाच आहे, उघडलेल्या कुलपाकडे पुन्हा बघत नाही. मी जेवले, दोनदा वाढून घेतलं, आणि बरीच वर्षं लागली नव्हती अशी झोप लागली. मला हलकं वाटतंय. तुझ्यावर बोजा टाकून हलकं झाले असं म्हणशील, तर तसं म्हणायचा तुला हक्क आहे.

पूल मोकळा आहे. पहिल्या दगडाशी तुझा पाय घाबरेल, त्याचं ऐकू नकोस, पुढे टाक. काही होत नाही. तुझी खोली झाडून ठेवलीय. घरी यायला माझ्याशी गोड बोलायची अट नाही, घर तुझ्या बापाचं आहे. पण यायच्या आधी या पत्राचं उत्तर कागदावर लिहून पाठव. समोर आलीस की तू रडशील, मी काहीतरी टोचून बोलेन, आणि मूळ गोष्ट दोघींच्या मध्ये तशीच पडून राहील. जे लिहायचं ते लिही, कडू असलं तरी चालेल. मी बसून वाचीन.

तुझी,
समजून समजलं म्हणालेली,
आजी

ता. क. तुझा बाप म्हणतोय, तिच्या वतीनं मीच लिहून टाकतो, झालं गेलं विसरा म्हणून. त्याला मी लेखणीला हात लावू दिलेला नाही. तीन वर्षं त्याची गेली नाहीत, तुझी गेली. उत्तर तूच द्यायचं.